वाचकांचे प्रश्न : डबा मधोमध का तुटतो?

प्रश्न : लेगोच्या ठोकळ्यांतली लोकल मी ‘स्टुडिओ’ या लेगो-आखणीच्या सॉफ्टवेअरमध्ये आखली : रुंदी 2 स्टड (ठोकळ्यावरचे गोल उंचवटे), डबा 11 स्टड लांब. फाइल ऐरोलीच्या मित्राला दिली. त्याचा डबा उचलताच मधोमध तुटतो, शिवाय दोन भाग मी निवडलेल्या रंगात मिळतच नाहीत. काय चुकलं? – एक वाचक, ठाणे

उत्तर : माप उत्तम. खरा डबा 3.66 मीटर रुंद, तुमचा 16 मिलिमीटर, म्हणजे प्रमाण साधारण 1:229. दोष सांध्यात. तळाच्या दोन्ही थरांत 8+3 अशाच प्लेट (पातळ, चपटे ठोकळे) लावल्या असतील, तर सांध्यावर सांधा येतो. पडद्यावर गुरुत्वाकर्षण नसल्याने ते सहज कळत नाही. खाली 2×8 आणि 2×3, वर उलट क्रमाने 2×3 आणि 2×8 लावा. मधले 5 स्टड एकमेकांना धरतील. तळाला एकच थर असेल आणि दुसरा लावल्याने उंची 3.2 मिलिमीटरने वाढली, तर छतातली एक प्लेट कमी करा.

रंगाचं म्हणाल तर सॉफ्टवेअर कुठलाही भाग कुठल्याही रंगात रंगवू देतं, कारखाना तसा बनवतोच असं नाही. फाइल देण्याआधी भागांची यादी ब्रिकलिंकवर (लेगोचे सुटे भाग विकणाऱ्या संकेतस्थळावर) रंगासकट तपासा. जोडणीच्या कृतीच्या एका पायरीत चारच भाग ठेवा. आणि बाराही डब्यांचा हट्ट नको, गाडी मीटरभर होईल!