बॅकगॅमन : सुरक्षित खेळूनही हार का होते?

प्रश्न : मी दोन वर्षांपासून बॅकगॅमन हा फासे आणि सोंगट्यांचा दोघांचा खेळ खेळतो. सुरुवातीच्या चाली पाठ आहेत आणि घरात सोंगटी एकटी राहून मारली जाऊ नये याची मी सतत काळजी घेतो. तरीही अनुभवी खेळाडूंपुढे बहुतेक डाव हातचे जातात. शिवाय समोरच्याने डबलिंग क्यूब (डावाचे गुण दुप्पट करण्याचा ठोकळा) पुढे केला की तो स्वीकारावा की डाव सोडावा, हे उमगत नाही.

उत्तर : आपण जिला काळजी म्हणता, तीच बहुधा आपल्याला मागे ठेवते आहे. धोका पूर्णपणे टाळता येत नाही. तो केव्हा पत्करायचा, एवढेच आपल्या हातात असते आणि तो डावाच्या आरंभी सर्वांत स्वस्त असतो.

समजा, पहिलेच दान २-१ पडले. (घरे १ ते २४ अशी मोजतात आणि आपल्या सोंगट्या मोठ्या आकड्याकडून लहान आकड्याकडे जातात.) तेराव्या घरातली एक सोंगटी अकराव्या घरात आणि सहाव्या घरातली एक पाचव्या घरात आणली, तर पाचव्या घरातली सोंगटी एकटी पडते आणि ३६ पैकी १५ दानांवर मारली जाते. मात्र त्या वेळी प्रतिस्पर्ध्याच्या होम बोर्डात (त्याच्या शेवटच्या सहा घरांत) एकच घर बंद, म्हणजे दोन किंवा अधिक सोंगट्यांनी अडवलेले, असल्याने केवळ ६-६ पडले तरच आपण बारवर (मारलेली सोंगटी ठेवण्याच्या मधल्या पट्टीवर, जिथून त्या होम बोर्डातूनच परत यावे लागते) अडकतो, आणि त्याने मारलेच तर त्याचीही सोंगटी आपल्या माऱ्यात येते. उरलेल्या २१ दानांनंतर मात्र पाचवे घर बांधण्याची (बंद करण्याची) उत्तम संधी मिळते, आणि सलग घरांची भिंत उभारण्यासाठी ते घर अमोल आहे. (याच दानावर मागची सोंगटी २४वरून २३वर नेणेही तितकेच मान्य आहे.) हेच धाडस प्रतिस्पर्ध्याची पाच घरे बंद झाल्यावर केले, तर मार बसल्यानंतर ३६ पैकी २५ दाने फुकट जातात. म्हणून सोंगटी उघडी टाकण्यापूर्वी ती किती दानांवर मारली जाईल, हे तर मोजावेच, पण समोरचा होम बोर्ड किती बळकट आहे, हे त्याहून आधी पाहावे.

दाने मोजणे सवयीने सोपे होते. समोरच्याची सोंगटी आणि आपली एकटी सोंगटी यांत सहा घरांचे अंतर असेल, तर कोणत्याही फाशावर सहा येणारी ११ दाने, ५-१ आणि ४-२ यांची प्रत्येकी दोन, शिवाय ३-३ आणि २-२, अशी एकूण १७ होतात; मधली घरे आपण अडवली असतील, तर त्यांतली काही वजा होतात. अंतर सात घरांचे झाले की हाच आकडा ६ वर येतो. एका घराचा हा फरक अनेक डाव वाचवतो.

आता क्यूबविषयी. डाव सोडला तर एक गुण जातो, स्वीकारला तर दोन गुण पणाला लागतात. अशा चार डावांपैकी एक जिंकून तीन हरलात, तर २ मिळून ६ जातात, म्हणजे निव्वळ तोटा ४ गुणांचा. चारही डाव सोडले असते तरी तेवढाच झाला असता. त्यामुळे जिंकण्याची शक्यता २५ टक्क्यांच्या वर असेल, तर साधारणपणे क्यूब स्वीकारावा. पुढे तो आपल्याच हाती राहतो, म्हणून किंचित कमी शक्यताही चालते. परंतु गॅमनने (आपली एकही सोंगटी पटाबाहेर काढण्याआधी हरल्याने) दुप्पट हरण्याचे भय असेल, तेव्हा ही मर्यादा बरीच वर न्यावी लागते. सोंगट्या एकमेकींना ओलांडून गेल्यावर उरते ती निव्वळ शर्यत. तिथे पिप (सर्व सोंगट्या पटाबाहेर काढायला चालावी लागणारी एकूण घरे) मोजावेत : पुढे असलेल्याचे १०० आणि आपले ११२ पर्यंत असतील, तर क्यूब घ्यावा, त्याहून मागे असाल तर डाव सोडावा.