शॅमेलिऑनची अंडी घरी उबवताय? आधी हे वाचा

भावा, आधी कागदाचं बोलू. आपल्या रानात दिसणारा शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा सरडगुहिरा, घरात ठेवणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. तुझा येमेनकडचा व्हेल्ड शॅमेलिऑन असेल, तर केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर त्याची नोंद हवी, पुढे पिल्लांचीही.

अंडी उचलताना वरच्या बाजूला पेन्सिलने बारीक खूण कर. ती बाजू शेवटपर्यंत वरच राहिली पाहिजे, कोंबडीसारखी अंडी फिरवायची नाहीत. खाली ओलसर व्हर्मिक्युलाइट (ओल धरून ठेवणारं हलकं, दाणेदार खनिज) घाल. मुठीत दाबलं तर पाणी गळता कामा नये. तापमान २५ ते २८ अंश, आणि वाट ६ ते ९ महिने! म्हणजे दिवाळीतल्या अंड्यांना कोल्हापूरचा एप्रिल-मे झेलावाच लागणार. पत्र्याखालची खोली नकोच, तळमजल्यावरचा अंधारा कोपरा बघ.

अंड्यावर घामासारखे थेंब आले की पिल्लू निघायची वेळ झाली. डोकं बाहेर काढून ते तासन्‌तास तसंच बसेल. ओढू नकोस, आतला बलक अजून जिरत असतो.

खायला बिनउडत्या फळमाश्या आणि अगदी बारीक रातकिडे, वर कॅल्शियमची भुकटी. वाटीतलं पाणी त्यांना कळत नाही, पानांवर फवारा मार. यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा लागतोच. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन त्याची जागा घेत नाही.

मोठी पिल्लं लहानांना दाबायला लागली की लगेच वेगळी कर. तेवढे पिंजरे आहेत का, ते आत्ताच मोज. एका खेपेला चाळीस-पन्नास अंडी सहज निघतात.