हलकी रेसिंग सायकल सोडून निवांत फिरायला स्टीलची सायकल घेतली तर पस्तावा होईल का?

तुमचे प्रश्न दोन. हलक्या सायकलवर मान आणि मनगटं भरून येतात, वेगाची हौसही ओसरली आहे, तर स्टीलची सायकल घ्यावी का? आणि ‘स्टील धक्के पिऊन घेतं’ असं सगळे म्हणतात ते खरं का?

आधी दुसऱ्याचं उत्तर देतो, कारण त्यात मी स्वतः फसलो होतो.

माझी स्टीलची सायकल घरात आली ती दुय्यम म्हणून. पावसात, चिखलात चांगली सायकल खराब नको, एवढाच विचार. मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, घंटी, सगळं मिळून तेरा किलो. माझी दुसरी साडेआठ किलोची. पहिल्या आठवड्यात मी हिला ‘म्हैस’ म्हणायचो. पुढे कधीतरी लक्षात आलं की पाऊस संपून दोन महिने झाले तरी मी हीच काढतोय. मग मी भेटेल त्याला सांगत सुटलो की स्टीलची बातच न्यारी, खड्डे जाणवतच नाहीत.

एकदा तिचे टायर बदलायला आले होते आणि हाताशी दुसऱ्या सायकलचे २५ मिमीचे टायर पडून होते. तेच चढवले, ९० पीएसआय हवा भरली आणि निघालो. दहा मिनिटांत दात वाजायला लागले. फ्रेम तीच, सीट तीच, पण सगळा लोण्यासारखेपणा गायब. परत ३८ मिमीचे टायर लावून हवा ४५वर आणली, तर म्हैस पुन्हा होती तशी झाली.

म्हणजे श्रेय टायरचं होतं, आणि मी ते धातूला देत बसलो होतो. फ्रेम त्रिकोणी असते, वरून खाली येणाऱ्या धक्क्याला ती जवळजवळ दबतच नाही. रुंद, मऊ टायर मात्र काही मिलिमीटर सहज दबतो. बाकी आराम बसण्याच्या पद्धतीतून येतो. माझ्या या सायकलचं हँडल सीटच्या उंचीला आहे, त्यामुळे वजन तळव्यांवर येत नाही आणि समोर बघायला मान वर ताणावी लागत नाही. तुमची मनगटं दुखतात त्याचं कारण बहुतेक इथेच आहे. म्हणून नवीन काही घेण्याआधी आहे त्या सायकलचं हँडल वर घेता येतं का आणि तिच्यात मावतील तेवढे रुंद टायर लावून बघा. कदाचित तेवढ्यावर भागेल. रेसिंग फ्रेममध्ये बहुतेक वेळा मोठ्या टायरला जागाच नसते, ही गोष्ट वेगळी.

मग स्टीलचं काय? ते धक्के पीत नसलं तरी तुमचं बदलतं मन सांभाळून घेतं. निदान माझा अनुभव तसा आहे. या एकाच फ्रेमवर मी सरळ हँडल लावून झालं, वाकडं लावून झालं, मागे दोन बॅगा लटकवून चार दिवस भटकून झालं. पुढची सर्वांत लहान चकती २६ दात्यांची आणि मागची सर्वांत मोठी ३४ची बसवली. पायडलच्या एका फेऱ्यात चाक जेमतेम पाऊण फिरतं, सामानासकट चढ चढायला तेवढं पुरतं. एकदा सायकल उजव्या अंगावर आडवी झाली आणि डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना साखळी सरकवणारा भाग, जिथे अडकवतात तो कान आत वाकला. मिस्त्रीने तो जागच्या जागी सरळ केला. मागच्या जुन्या चाकाच्या जागी १३० ऐवजी १३५ मिमी रुंद आसाचं चाक आलं, तेही थोडा जोर लावून बसलं. हे कार्बनच्या फ्रेमवर करायला जाऊ नका. आणि ठरावीक मर्यादेखालचा ताण स्टील कितीही वेळा सोसतं. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नसते, म्हणून त्याची फ्रेम बनवताना नळ्या जाड किंवा मोठ्या घेऊन ती कसर भरून काढतात. याचा अर्थ ॲल्युमिनियमच्या फ्रेम पटापट तुटतात असा मुळीच नाही.

वजनाची भीती मात्र सोडा. मी ७२ किलोचा. सायकल धरून एकदा साडेऐंशी, एकदा पंच्याऐंशी. वीस मिनिटांच्या चढाला मिनिटभर जास्त लागतं. सपाटीवर खरं भांडण वाऱ्याशी असतं, तिथे हे साडेचार किलो कोण विचारतो? जिना चढताना मात्र ते पुरेपूर आठवतात. तुमचं घर वरच्या मजल्यावर असेल आणि लिफ्ट नसेल, तर माझं सगळं कौतुक बाजूला ठेवून नीट विचार करा.

गंज हा दुसरा खरा त्रास. बाहेरून दिसतो तो फारसा घातक नसतो, आतला असतो. सीटच्या नळीतून पाणी झिरपतं आणि खाली, पायडलच्या आसाच्या डब्यात साचतं. मोठा पाऊस खाल्ल्यावर सीटचा दांडा काढून सायकल थोडा वेळ उलटी ठेवायची. त्या दांड्याला वर्षातून एकदा ग्रीसही लावायचं. मी दोन वर्षं आळस केला. ॲल्युमिनियमचा दांडा स्टीलच्या नळीत असा धरला की काढायला एक अख्खी दुपार, भरपूर तेल आणि शेजाऱ्याची ताकद लागली.

जुनी घेणार असाल तर पहिल्यांदा तो दांडाच वर-खाली होतो का ते बघा. नाही हलला तर रंग कितीही चकचकीत असो, पुढे चला. नंतर हँडलखालच्या नळीचा सांधा नखाने चाचपा. तिथे रंगाला वळी पडलेली किंवा तडा गेलेला असेल तर सायकल समोरून कुठेतरी आदळलेली असते. मग चाक आणि फ्रेममध्ये बोट घालून बघा, ३८ मिमीचा टायर आणि वर मडगार्ड मावेल का. कॅरिअरसाठी मागे आटे पाडलेली भोकं हवीत. ‘रेनॉल्ड्स ५३१’सारखी पट्टी नळीवर दिसली तर आनंद माना, ती नळी १९३५पासूनची नामवंत आहे, मधे पातळ आणि टोकांना जाड असते. पण पट्टी नसली म्हणून चांगली फ्रेम सोडू नका. माझ्या म्हशीवर कसलीच पट्टी नाही.

दुसरी सायकल अजून भिंतीवर आहे. महिन्यातून एखाद्या सकाळी अंगात येतं तेव्हा काढतो, तासभर दामटतो आणि परत टांगतो.