चेतनगुणोक्ती, मानवीकरण आणि फुलाचे डोळे

प्रश्न असा आहे: ‘चेतनगुणोक्ती’ आणि ‘मानवीकरण’ हे अलंकार एकच का, आणि ‘ढग रुसले’ हे कशात बसवायचं?

आधी एक काम उरकून घेतो. शब्द ‘चेतनगुणोक्ती’ असा आहे, ‘चेतनागुणोक्ती’ नव्हे. तो फुकटचा काना ऐकून कान किटले. चेतन म्हणजे सजीव. त्याचे गुण अचेतनाच्या नावावर सांगायचे. ‘चेतना’ म्हणजे जाणीव, तिचं इथे काही काम नाही. आता फरक. मानवीकरण म्हणजे माणसाचं वागणं माणूस नसलेल्याच्या नावावर सांगणं. गोष्टीतला कोल्हा वकिली करतो ते मानवीकरण. चेतनगुणोक्ती नव्हे, कारण कोल्हा मुळातच चेतन. ढगाला दोन्ही नावं चालतील. झालं.

खरी गंमत ‘उमलणे’ या शब्दात आहे. संस्कृत ‘उन्मील्’, प्राकृत ‘उम्मिल्ल’, मराठी ‘उमल’. ‘मील्’ हा धातू पापण्यांचा: निमीलन म्हणजे डोळे मिटणं, उन्मीलन म्हणजे उघडणं. म्हणजे ‘फूल उमललं’ म्हणताना आपण ‘फुलानं डोळे उघडले’ असंच म्हणत असतो, अलंकाराची चाहूलही न लागता! आणि मिटतात काय? डोळे आणि पाकळ्या.

हे संस्कृत काव्यशास्त्रकार दंडीनं आपल्या ‘काव्यादर्श’ या ग्रंथात कधीच हेरून ठेवलंय. कुमुदं मिटतात, कमळं उघडतात, या त्याच्या उदाहरणात तो स्वतःच सांगतो की ही डोळ्यांची क्रिया फुलांवर ठेवली आहे. या ठेवण्याला, एक काव्यगुण म्हणून, त्याचं नाव ‘समाधि’: ध्यानाला बसायची नव्हे, सम् + आ + धा, नीट ठेवणं. तेव्हा ‘हे सगळं इंग्रजीतून आलं’ असं ठासून सांगणाऱ्या मार्गदर्शककारांनी निदान ‘काव्यादर्शा’चा पहिला परिच्छेद, म्हणजे पहिलं प्रकरण, तरी चाळावा. दंडी समाधीला काव्याचं सर्वस्व म्हणतो. ‘काव्यप्रकाश’कार मम्मटानं मात्र माधुर्य, ओज, प्रसाद असे तीनच काव्यगुण ठेवले. समाधीला त्यात जागा नाही. मम्मट मोठा खरा, पण इथे माझं मत दंडीला.

दंडीचा कान तर बघा: थुंकणं, ओकणं हे शब्द एरवी ग्राम्य, पण लक्षणेनं, म्हणजे मूळ अर्थ बाजूला ठेवून दुसऱ्या अर्थानं, वापरले की अतिसुंदर, असं तो म्हणतो. ‘सूर्य आग ओकतोय’ या वाक्यावर आजवर कुणी नाक मुरडल्याचं ऐकलंय?