अंतरपाट धरणारे हात

(मागच्या अंकात बडोद्याच्या व्हिडिओ कलाकार ताईंच्या, लग्नाच्या जुन्या कॅसेटींतून केलेल्या ‘अंतरपाट’ या कामाची ओळख छापली होती. त्यावर आलेल्या पत्रांना त्यांनी दिलेली ही उत्तरं.)

ताई, तुम्ही फाइन आर्ट्सच्या विद्यार्थिनी की सिनेमावाल्या? या वाटेला कशा लागलात?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

दोन्ही नाही. मी बी.कॉम. रावपुऱ्यात मामांचा व्हिडिओ स्टुडिओ होता. कॉलेज सुटलं की मी तिथे जाऊन बसायची. नव्वदच्या दशकातली गोष्ट. खांद्यावरचा व्हीएचएस कॅमेरा, मागे हॅलोजन धरून वायर सांभाळत चालणारा पोरगा, तीन तासांची कॅसेट. एडिटिंग हा शब्द तेव्हा आमच्या दुकानात कुणी वापरत नसे, ‘मिक्सिंग’ म्हणत. दोन व्हीसीआर (कॅसेट चालवायची मशीनं), मध्ये पॅनासॉनिकचा मिक्सर आणि बदामाच्या आकारात उमटणारी नवरी. ते बदाम मी भरपूर पाडलेत, त्याबद्दल मला अजिबात लाज नाही. हाताला तालाची सवय तिथेच लागली.

मामांचा नियम एकच: तोंड दिसलं पाहिजे, पैसे तोंडाचे मिळतात. गुजराती पार्टी असेल तर हस्तमेळाप (नवरा-नवरीचे हात एकमेकांच्या हातात देतात तो विधी) पूर्ण हवा, मराठी पार्टी असेल तर मंगलाष्टकं. बाकी कापा. जे कापायचं ते मला आधी बघावं लागे आणि बघता बघता तेच आवडायला लागलं. रुखवताच्या टेबलामागे चाललेली कुजबुज. रचलेल्या खुर्च्यांवर एकटेच बसलेले मुलीचे वडील. कॅमेरा बंद करायला विसरल्यामुळे दहा मिनिटं नुसती मांडवाची कनात. पोज द्यायच्या आधीचं माणूस आणि पोज दिल्यानंतरचं माणूस यांत केवढा फरक असतो, हे लग्नाच्या कच्च्या कॅसेटीइतकं दुसरीकडे कुठे दिसत नाही.

फाइन आर्ट्सला मी गेले ती वार्षिक प्रदर्शनं बघायला, गर्दीत. सयाजीराव विद्यापीठाची ही फॅकल्टी १९५० मध्ये सुरू झाली आणि चित्रकला विभागात शिकवायला आले ते ना. श्री. बेंद्रे, मूळचे इंदूरचे. (दादासाहेब फाळके इथल्या कलाभवनात शिकले, हे बडोदेकर दर तिसऱ्या वाक्याला सांगतात, म्हणून मीही सांगून टाकते.) तिथल्याच एका स्लाइड-व्याख्यानात नाम जून पाइक या व्हिडिओ कलाकाराचं नाव पहिल्यांदा कानावर पडलं. जन्म सोलचा, १९३२ चा. टोकियोत शिक्षण, मग जर्मनी, आणि मूळ वळण संगीताचं. १९६३ मध्ये वुपरटालच्या एका गॅलरीत त्यांनी टीव्हीचे संच मांडले आणि आतल्या सर्किटशी खेळून त्यांच्यावरची चित्रं वाकवली. दोन वर्षांनी त्यांनी संचावर एक मोठा लोहचुंबक ठेवला. जुन्या टीव्हीत काचेवर येऊन आदळणारा इलेक्ट्रॉनांचा झोत चुंबकाने वळतो, म्हणून चित्र वळतं.

मला हसू आलं. आमच्या दुकानात स्पीकर टीव्हीला चिकटला की नवरीचा गाल हिरवा व्हायचा आणि मामा आरडाओरडा करायचे. रोग तोच. पाइकनी त्याचं वाद्य केलं होतं.

शॉर्ट फिल्म आणि व्हिडिओ आर्ट यांत नेमका फरक काय? आम्हाला तर गोष्टच सापडत नाही.
— एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

गोष्ट शोधूच नका, निम्मा त्रास तिथेच संपतो. शॉर्ट फिल्मला सुरुवात असते आणि तुम्ही सुरुवातीलाच येऊन बसावं अशी तिची अपेक्षा असते. माझं काम दिवसभर फिरत असतं, तुम्ही मधूनच शिरा आणि मधूनच निघा.

दुसरं म्हणजे व्हिडिओ हा मुळात सिग्नल आहे. फिल्मच्या रिळावर चित्र डोळ्यांना दिसतं, कॅसेटची फीत उजेडात धरली तर फक्त काळी-तपकिरी पट्टी दिसते. आवाज असो की चित्र, तिथे सगळी वीजच. म्हणून एकाने दुसऱ्याला ढकलता येतं. स्टाइना वासुल्का या आइसलंडच्या, शिक्षणाने व्हायोलिनवादक. ‘व्हायोलिन पॉवर’ या कामात (१९७०–७८) त्या व्हायोलिन वाजवतात आणि त्या आवाजाने त्यांचं स्वतःचंच चित्र थरथरतं, वाकतं. त्याला कथा काय लावणार? आपल्याकडे चित्रकार नलिनी मालानींनी मुंबईत १९६९ मध्येच कॅमेऱ्यावर प्रयोग केले होते. पुढे पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर, १९९८ मध्ये, मंटोंच्या ‘टोबा टेक सिंग’ या फाळणीवरच्या कथेचा आधार घेऊन त्यांनी मोठं व्हिडिओ इन्स्टॉलेशन, म्हणजे खोलीभर मांडलेलं काम, केलं. त्यात गोष्ट आहे, हे कबूल. म्हणजे माझा नियम सगळ्यांना लागू नाही.

‘अंतरपाट’मध्ये नवरा-नवरी दिसतच नाहीत. आणि लोकांच्या घरच्या लग्नाच्या कॅसेटी अशा चारचौघांत मांडणं तुम्हाला योग्य वाटतं?
— एक वाचक, प्रतापनगर, बडोदे

प्रश्न रागाने विचारलाय, पण बरोबर विचारलाय.

आधी काम काय आहे ते सांगते, सगळ्यांनी पाहिलं नसेल. वेगवेगळ्या लग्नांतले अंतरपाट धरणारे हात, फक्त तेवढेच. एका बाजूला गुरुजी, दुसऱ्या बाजूला कुणीतरी भाचा-पुतण्या. मंगलाष्टकं सुरू होतात तेव्हा कापड ताठ असतं. मग आत्याबाई स्वतः रचलेलं अष्टक म्हणतात, मग मावशी, मग कुठले तरी काका चिठ्ठी शोधतात. पुतण्याचा दंड भरून येतो, कापड खाली झुकतं, गुरुजी डोळ्यांनी दटावतात, ते पुन्हा वर जातं. मी त्यात काहीच कापलेलं नाही. अष्टकं चालली तेवढा वेळ तो तुकडा चालतो. दुकानात जे काम केलं, त्याच्या बरोबर उलट.

तोंडं नाहीत याचं एक कारण तुमच्या प्रश्नातच आहे. लग्न ज्यांचं, कॅसेट त्यांची. मामांकडे पडून राहिलेल्या कच्च्या कॅसेटींपैकी ज्या घरांनी ‘हो’ म्हटलं, तेवढ्याच घेतल्या. परवानगी विचारायला गेले की चहा व्हायचा, कॅसेट लागायची आणि ‘ही आता नाही’, ‘यांचं आमचं बोलणं नाही’ असं निघायचं. एका घराने आधी हो म्हटलं, मग नाही. तो तुकडा काढला. कलेसाठी म्हणून कुणाचीही गोष्ट उचलायचा परवाना कलाकाराला असतो, असं मानणारे माझे मित्र आहेत. मला ते पटत नाही.

दुसरं कारण साधं आहे. तोंड दिसलं की लोक ओळख काढतात आणि बघणं थांबतं.

रंग बिघडलेत अशीही तक्रार आहे. ते मुद्दाम केलंय. व्हीएचएसवर रंगाची नोंद उजेड-अंधाराच्या नोंदीपेक्षा फार ढोबळ असते. कॉपीची कॉपी काढत गेलं की लाल सगळ्यात आधी काठ सोडतो. तिसऱ्या कॉपीत शालू मांडवभर पसरतो. कॉम्प्युटरवर हे खोटं खोटं करता येतं, पण मला ते नको होतं. म्हणून काम दाखवलं तेही डब्बा टीव्हीवर. काळ्या पडद्यांच्या खोलीत प्रोजेक्टर लावला की कशालाही भारदस्तपणा येतो, मला त्याचा वैताग आहे.

मुलाला व्हिडिओ आर्ट करायचं आहे. कोणता कॅमेरा घेऊन देऊ?
— एक आई, इंदूर

काही घेऊ नका, ताई. त्याच्या फोनमध्ये आहे तो पुरे. घेऊनच द्यायचं असेल तर स्टँड द्या. फोन स्टँडवर लावायचा, राजवाड्यासमोर एक जागा धरायची आणि कॅमेरा हलवायचा नाही. कंटाळा येईल. कंटाळा आल्यानंतर जे दिसतं, ते मला पाठवायला सांगा.

आमच्या १९९३ च्या लग्नाच्या कॅसेटवर पांढरे ठिपके आलेत. लावून बघू का?
— एक वाचक, मांजलपूर, बडोदे

मुळीच लावू नका! ती बुरशी आहे. तशीच चालवली तर व्हीसीआरच्या हेडवर (फीत वाचणाऱ्या भागावर) बसेल आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागेल, शिवाय फीत अडकून तुटू शकते. कॅसेट कोरड्या जागी उभी ठेवा, आडवी नको, आणि साफ करून देणाऱ्याकडे द्या. फार थांबू नका. शेवटपर्यंत व्हीसीआर बनवणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ च्या जुलैत ते बंद केले, आता सगळी भिस्त जुन्या मशीनवर आहे.

उतरवून घेताना दुकानदाराला सांगा: चित्राचं माप ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, आहे तसं. ‘एचडी करून देतो, गाणी टाकून देतो’ म्हणाला तर आधी साधी कॉपी हातात घ्या. नटवायचं नंतर कधीही नटवता येतं. कच्ची कॅसेट असेल तर तीही उतरवा, मिक्सिंग केलेलीवर समाधान मानू नका. आणि घरात बंद पडलेला व्हीसीआर असेल तर तो भंगारात घालण्याआधी मासिकाच्या पत्त्यावर दोन ओळी टाका. मला सुटे भाग लागतात.