नववीतल्या मुलाने वहीत लिहिलंय की त्याला मुलगे आवडतात. वर्गशिक्षक म्हणून मी काय करू? पालकांना सांगू का?

सर, तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं: तालुक्याच्या गावातली मराठी शाळा. निबंधाच्या वह्या तपासताना एका मुलाच्या शेवटच्या पानावर चार ओळी सापडल्या, की मला मुलगेच आवडतात आणि यातून सुटका नाही. वर्गात त्याला बायल्या म्हणतात हे तुम्हाला आधीपासून ठाऊक आहे. आता पालकांना बोलवायचं का, आणि आपल्या भागात अशा मुलांसाठी काही सोय आहे का, हे तुम्ही विचारलंय.

आधी वह्यांचं बघा. तो गठ्ठा नेहमीसारखा मॉनिटरच्या हातात देऊ नका. वाटता वाटता पोरं एकमेकांच्या वह्या चाळतात, ते तुम्हाला मी सांगायला नको. त्याची वही बाजूला काढा आणि स्वतःच्या हाताने द्या. ते पान फाडू नका, त्यावर शेराही मारू नका.

आणि पालकांना बोलावू नका. निदान त्याला विचारल्याशिवाय तर नाहीच.

हे मी एवढ्या ठामपणे सांगते कारण मी बोलावलं होतं. सांगली जिल्ह्यात बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं, आता निवृत्त आहे. २००८ सालची गोष्ट. प्रॅक्टिकल संपल्यावर एक मुलगा परीक्षानळ्या धुवायला मुद्दाम मागे राहिला. नळाखाली एकच नळी तीनदा धुतली आणि पाठमोऱ्यानेच बोलला. शेवटी म्हणाला, "बाई, कुणाला सांगणार नाही ना?" मी म्हटलं, "नाही रे." आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांना शाळेत बोलावून घेतलं, कारण घरच्यांच्या कानावर घातलंच पाहिजे असं मला प्रामाणिकपणे वाटत होतं. वडील टोपी हातात धरून उभे होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं झालं सांगितलंत बाई." दुसऱ्या दिवशी मुलगा आला तो डोकं भादरून. मानेवर वळ होता. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो आलाच नाही, चुलते येऊन दाखला घेऊन गेले. त्याच्या दाखल्याआधी प्रयोगशाळेची 'येणे बाकी नाही' ही सही माझीच होती.

वडील वाईट होते असं मी म्हणणार नाही. त्यांना मी एक धक्का दिला आणि पुढे काय करायचं ते काहीच दिलं नाही. माझ्याकडे द्यायलाच काही नव्हतं. म्हणून तुमचा दुसरा प्रश्न, सोय काय आहे हा, मला पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. पालकांपर्यंत जायची वेळ आलीच, तर हात रिकामे असू नयेत.

पण त्याच्या आधी ते 'सुटका नाही' हे शब्द. ते नुसते वैतागून लिहिलेत की जिवाचं काही मनात आहे, हे त्याला एकट्याला गाठून सरळ विचारा: "मरावंसं वाटतं का?" विचारल्याने मुलाच्या डोक्यात नसलेलं खूळ भरतं, ही समजूत चुकीची आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून पोरं मोकळी होतात. उत्तर हो असेल तर एकटे सांभाळायला जाऊ नका. केंद्र सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची फोन सेवा २०२२ पासून सुरू आहे, नंबर १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. मुलांसाठीची १०९८ तर तुमच्या शाळेच्या भिंतीवर रंगवलेलीच असेल.

बोलायला सुरुवात करताना मी केली ती चूक करू नका, सरसकट वचन देऊ नका. दुसऱ्या खेपेला, २०१७ साली दुसऱ्या एका विद्यार्थ्याशी बोलताना, मी असं म्हणाले होते: "तुझ्या जिवाला धोका असेल, किंवा कुणी तुझ्या अंगाशी काही करत असेल, तर मला पुढे सांगावंच लागेल. बाकी सगळं आपल्या दोघांत." यात कायदाही आहे. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, त्याखाली अठराच्या आतल्या मुलाबाबत लैंगिक कृत्याची माहिती कळली तर ती पोलिसांना कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. पण मुलाला कोण आवडतं हे कळवायची बाब नाही. आवडणं हा काही अपराध नव्हे. या दोन्हींची गल्लत करून शिक्षक घाबरतात आणि सगळंच मुख्याध्यापकांच्या टेबलावर नेऊन ठेवतात.

आता सोयींचं. तालुक्याच्या गावी अशी पाटी लावलेलं ऑफिस तुम्हाला सापडणार नाही. महाराष्ट्रात समलिंगी माणसांसाठी कामं झाली ती मोठ्या शहरांत. मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून आहे, पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केला, नागपुरात सारथी ट्रस्ट आहे. पण एक गोष्ट ध्यानात घ्या: यांच्या बैठका बहुतेक करून अठरा पूर्ण झालेल्यांसाठी असतात, आणि ते योग्यच आहे. म्हणजे चौदा वर्षांच्या पोराला पत्ता देऊन 'जा पुण्याला' म्हणण्यात अर्थ नाही. फोन तुम्ही करायचा. मी केला होता, शाळेच्या मागच्या चिंचेखाली उभं राहून, कारण स्टाफरूममध्ये कुणी ऐकेल अशी धास्ती. पलीकडच्या माणसाने मला अर्धा तास दिला आणि पहिल्यांदा विचारलं ते हे, की घरात तो सुरक्षित आहे का. हा प्रश्न मला २००८ साली सुचला असता तर!

मुलाला स्वतःला बोलायचं असेल तर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आयकॉल सेवा आहे, फोनवर प्रशिक्षित समुपदेशक बोलतात. सरकारी दवाखान्यात किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक असतं, तिथेही जाता येतं. पण तिथल्या ताईंशी आधी तुम्ही बोलून बघा. काही ठिकाणी फार चांगल्या असतात, काही ठिकाणी पहिलाच प्रश्न 'लग्नानंतर होईल ना ठीक?' असा येतो.

पालकांसाठी मला सगळ्यात मोलाचा वाटलेला गट म्हणजे 'स्वीकार'. समलिंगी आणि ट्रान्स मुलांच्या आईवडिलांनीच २०१७ मध्ये मुंबईत सुरू केला. आईला दुसऱ्या आईने सांगितलेलं जसं पटतं तसं आपण शिक्षकांनी कितीही सांगितलं तरी पटत नाही. पुढे कधी मुलगा स्वतः म्हणाला की आईला सांगायचंय, तर हे नाव तुमच्या खिशात असू द्या.

वाचायला म्हणाल तर खिरे यांची मराठी पुस्तकं आहेत, 'पार्टनर' आणि 'इंद्रधनू'. आधी तुम्ही वाचा, मुलाच्या दप्तरात देऊ नका, दप्तर घरी तपासलं जातं. पुण्याच्या तथापि ट्रस्टचं 'लेट्स टॉक सेक्शुॲलिटी' हे मराठी संकेतस्थळ आहे. पोरं नाहीतरी मोबाइलवर शोधणारच, मग निदान शुद्ध माहिती तरी सापडू दे. मोबाइलवरून आठवलं. डेटिंगच्या ॲपवर मोठ्या माणसांशी ओळख होते, भेटायला बोलावतात, फोटो काढून पैसे उकळतात. हे आपल्याकडेही होतं. तेवढं त्याला स्पष्ट सांगा, आणि तसं काही झालं तर ओरडा न खाता तुमच्याकडे येता येईल हेही सांगा.

उपचाराच्या नावाखाली घरचे कुठे नेतील ते सांगता येत नाही. कुणी देवऋष्याकडे, कुणी 'हार्मोन'ची इंजेक्शनं देणाऱ्या डॉक्टरकडे. हा आजारच नाही, त्यामुळे त्यावर औषध असायचं कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९९० मध्येच काढली, आणि असं 'बरं करून देण्याचा' प्रकार हा व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये सगळ्या राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलंय. वडील 'डॉक्टरला दाखवतो' म्हणाले तर हे वाक्य उपयोगी पडतं. कायद्याचं विचारलं तर ६ सप्टेंबर २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांगा: प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत.

शाळेत काय करता येईल? आपल्या राज्यात २००७ मध्ये शाळांतलं लैंगिक शिक्षणच बंद केलं होतं, तेव्हा 'या विषयावर व्याख्यान ठेवू' म्हणालात तर मुख्याध्यापक पाणी मागतील. त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोला, म्हणजे शासन निर्णयाच्या. मार्च २०२२ च्या निर्णयाने प्रत्येक शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असायला हवी. तक्रारपेटीही हवी. विषय 'मुलाला वर्गात छळतात' एवढाच ठेवा. तेवढा पुरेसा आहे आणि खराही आहे. त्याच्या वहीतल्या ओळी तिथे काढायची काही गरज नाही. आणि चिडवणाऱ्यांत एखादे सर असतील (आमच्याकडे पीटीचे होते), तर बाल न्याय कायद्याचं कलम ७५ हळूच वाचायला द्या. ताब्यातल्या मुलाला मानसिक त्रास देण्याबद्दल तीन वर्षांपर्यंत कैद आहे त्यात.

छळ कुठे होतो ते मात्र वर्गात बसून दिसत नाही. मैदानावर कुणी चेंडू सीमेपार मारला की पोरं "छक्का!" ओरडतात ते चेंडूकडे बघून की त्याच्याकडे बघून, ते पाहा. आणि पाण्याची बाटली पाहा. माझा तो दुसरा विद्यार्थी, २०१७ चा, बाटली भरून आणायचा आणि तशीच भरलेली घरी न्यायचा. उन्हाळ्यातसुद्धा. मला वाटलं विसरतो. मग कळलं की मुतारीत पोरं त्याची चड्डी ओढतात, म्हणून तो दिवसभर पाणीच पीत नाही. आमच्याकडे दिव्यांगांसाठी बांधलेलं स्वच्छतागृह होतं, त्यात झाडू आणि फुटके बाक भरलेले. शिपाईमामांना चहा पाजून ते रिकामं करून घेतलं आणि किल्ली माझ्या कपाटात ठेवली. विचारणाऱ्यांना 'त्याला पोटाचा त्रास आहे' असं सांगितलं. खोटं बोलले, त्याचं मला काही वाटत नाही. एनसीईआरटीने २०२१ मध्ये ट्रान्स मुलांबद्दल शिक्षकांसाठी पुस्तिका काढली होती, तक्रारी झाल्या आणि काही दिवसांत संकेतस्थळावरून काढून टाकली. स्वच्छतागृहाचा मुद्दा तिच्यातही होता.

शिकवतानाही दार आपोआप उघडतं. नववीच्या विज्ञानात आनुवंशिकतेच्या धड्यात टर्नर आणि क्लाइनफेल्टर सिंड्रोम होते, म्हणजे लिंग गुणसूत्र एखादं कमी किंवा जास्त असल्याने होणारे विकार. दर वर्षी मागच्या बाकावरून खुसखुस आणि एक प्रश्न: "बाई, म्हणजे तसले का?" पहिली कित्येक वर्षं मी "गप्प बसा" म्हटलं. नंतर पुस्तक मिटून दहा मिनिटं द्यायला लागले: हे गुणसूत्रांचं आहे, त्याचा कुणाला कोण आवडतं याच्याशी संबंध नाही. ज्यांना स्वतःसारखेच आवडतात ते समलिंगी. ज्यांना वाटतं आपण जन्माच्या दाखल्यावर लिहिलेले नाही आहोत ते ट्रान्स, पारलिंगी. दोन्ही तुमच्या-आमच्या घरांत असतात, आणि 'तसले' हा शब्द माझ्या वर्गात चालणार नाही. एवढंच. कुणाकडे न बघता सांगायचं, हे महत्त्वाचं. मी तेव्हा खिडकीबाहेर बघायची.

तुमचा मुलगा यातला कोण हे तुम्ही ठरवू नका. हळू बोलतो, हात हलवतो म्हणून तो ट्रान्स होत नाही. 'तृतीयपंथी' हा शब्दही त्याला लावू नका. उद्या त्यानेच सांगितलं की मी मुलगी आहे, तर २०१९ चा ट्रान्सजेंडर कायदा शाळांना भेदभाव न करता शिकवायला सांगतो, तो हाताशी ठेवा. ओळखपत्राची घाई नको. अठराच्या आत त्याचा अर्ज पालकांनाच करावा लागतो, म्हणजे पुन्हा घरापाशीच येतो आपण.

वही दिल्यावर तो काही बोलेल अशी अपेक्षा ठेवू नका. "वाचलं मी. माझ्याकडून कुठे जाणार नाही. बोलावंसं वाटलं तर मधल्या सुट्टीत मी लायब्ररीत असतो," एवढं म्हणा आणि खरंच तिथे जाऊन बसत जा. २०१७ च्या त्या मुलाला बोलायला साडेचार महिने लागले. तोवर रोज मधल्या सुट्टीत यायचा, कपाटाशी उभा राहायचा आणि म्हणायचा, "बाई, किल्ली."