परत डाएट सुरू करायचंय, पण रोज वेगळा स्वयंपाक कोण करणार?

प्रश्न: ताई, मी कोल्हापूरची, राजारामपुरीत राहते. घरातल्या लग्नाच्या गडबडीत डाएट पार मोडलं, आता परत लो कार्ब, म्हणजे भात-भाकरी-साखरेतली कर्बोदकं कमी, असं सुरू करायचंय पण घरच्यांचं वेगळं आणि माझं वेगळं करायला खरंच जमत नाही ओ.

उत्तर: अगं, वेगळं करूच नकोस. घरात शिजतं त्यातलंच घ्यायचं, भात तेवढा बाजूला ठेवायचा. रविवारी मटण असेलच, मग सुकं मटण, वाटीभर पांढरा रस्सा, काकडी-कांदा, बास झालं.

रोजच्यासाठी माझी आवडती मेथी-अंडी सांगते. कढईत तेल, मोहरी, ठेचलेला लसूण, लसूण लाल झाला की निवडलेली मेथी टाकून झाकण न ठेवता परतायची, पाणी आटलं की मध्ये जागा करून दोन अंडी फोडायची आणि वरून अर्धा चमचा आपली कांदा-लसूण चटणी, दहा मिनिटांत जेवण तयार. दोन अंड्यांत साधारण १२ ग्रॅम प्रोटीन मिळतं, त्यामुळं चार वाजता फरसाणाच्या डब्याकडं हात जात नाही.

आणि भाकरी डाएटची म्हणून दोन-तीन खाऊ नकोस, १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात ७० ग्रॅमच्या आसपास कार्ब असतातच. अर्धी घे, भाजी दुप्पट घे.

शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचार, कार्ब एकदम कमी केले की शुगर खाली जाऊ शकते.